‘हो ताई’ म्हणजे होकार नव्हे

(कवठे येमाई येथे झालेल्या कार्यकर्ते व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळ जण पुण्याहून आणि नगरहून आज पहिल्यांदाच कवठे येमाईला आला आहात. येताना दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा पाहिला असेल. हे गाव येमाईच्या देवळामुळे ओळखले जाते, तसेच तमाशामुळेही. २०२१ साली वारलेले लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी लावण्या लिहिल्या, वग लिहिले. वगात लिहिणारा एक असतो आणि बोलणारा दुसरा. राजा झालेला माणूस जे बोलतो ते त्याला कोणीतरी लिहून दिलेले असते. फडावर ते शोभते. पण मी एकदा असाच एक वग मंडळीच्या वेदीसमोर करवला, आणि आज मला त्याबद्दल बोलायचे आहे.

मला विषय दिला आहे, ‘माणसाची निवड, त्याची मूल्ये आणि आत्मपरीक्षण’. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली तेव्हा या विषयावर वीस पानांचा निबंध लिहिला होता आणि मार्कही चांगले पडले होते. पण विषय मला खरा समजला तो एका बहिणीकडून, जिला सही करता येत नाही. तिची गोष्ट सांगायला तिने मला परवानगी दिली आहे, नाव सांगायला दिलेली नाही. म्हणून नाव घेत नाही.

ही बहीण ठाकर समाजाची. दरवर्षी दिवाळी झाली की नवरा-बायको वीटभट्टीवर जातात, पाऊस पडायच्या आधी परततात. जाण्याआधी, ऐन पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा, मुकादम येतो आणि उचल देतो. उचल घेतली की पुढचे सहा-सात महिने विकले गेले. तिला एक मुलगी आणि एक लहान मुलगा. मुलगी हुशार. तीन वर्षांपूर्वी ती सहावी पास झाली तेव्हा मी ठरवले, हिला वसतिगृहात घालायचे. मी फॉर्म आणला, मी भरला, आईचा अंगठा घेतला. विचारले, “चालेल ना?” ती म्हणाली, “हो ताई.”

गणपतीत मुलगी पळून घरी आली. मी तिला परत नेऊन सोडले आणि आईला रागावले. म्हटले, “तुम्हालाच मुलीचे भले नको असेल तर आम्ही किती करायचे?” ती म्हणाली, “हो ताई.”

त्यानंतर कापणीच्या सणाची उपासना होती. शहरातल्या एका मंडळीने आम्हाला साक्षीसाठी बोलावले. मी या बहिणीला घेऊन गेले. तिने काय बोलायचे ते मी लिहून काढले आणि जीपमध्ये तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले. तिने शब्द न चुकता सांगितले की तिच्या घरात अंधार होता, आता मुलगी शिकते आहे, ती फार आनंदात आहे. लोकांचे डोळे भरून आले. त्या दिवशीचे दान नेहमीपेक्षा मोठे होते. परत येताना तिने मला विचारले, “ताई, तुमी सांगितलं तसंच बोलले ना म्या? कुठं चुकलं तर न्हाई?”

मला तेव्हाच समजायला हवे होते. समजले नाही. उलट मी तिची पाठ थोपटली.

दिवाळीनंतर आईवडील भट्टीवर गेले, आणि आठ दिवसांत मुलगी वसतिगृहातून निघून त्यांच्याजवळ पोचली. ती परत आली नाही. त्या वर्षीच्या आपल्या पत्रिकेच्या नाताळ अंकात मायलेकींचा फोटो छापून आला, खाली मी लिहिलेला मजकूर होता. तुमच्यापैकी काहींनी तो जपूनही ठेवला असेल. तो अंक छापायला गेला तेव्हा मुलगी भट्टीवर आहे हे मला ठाऊक होते. मी गप्प राहिले. आज तुमच्यासमोर आणि तिच्यासमोर मी त्याबद्दल क्षमा मागते.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला ती माणसे परत आली. मी मनात राग घेऊनच वस्तीवर गेले. ती चुलीपाशी बसली होती. मी म्हटले, “एवढे सगळे करून तुम्ही मुलीला ठेवले का नाही?” पुष्कळ वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, तुमी कवा इचारलंच न्हाई.”

मग तिने सांगितले. काही वर्षांपूर्वी तिचे मधले मूल, दोन वर्षांचे, भट्टीवरच्या पाण्याच्या खड्ड्यात बुडून गेले. आईबाप गारा कालवत होते. त्या वर्षी थोरली शाळेसाठी आजीजवळ राहिली होती. आता धाकटा तेवढाच झाला होता. थोरली बरोबर नसेल तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? वसतिगृहातल्या मुलीलाही तीच धास्ती होती, म्हणून ती पळून येत होती.

बंधुभगिनींनो, त्या लेकराच्या मयताला मी स्वतः गेले होते. पण फॉर्म भरताना मला ते आठवले नाही. माझ्या मते ही बाई अडाणी होती, तिला शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते. प्रत्यक्षात तिने माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. तिच्या एका हातात मुलीची शाळा होती, दुसऱ्या हातात मुलाचा जीव. आठ वर्षे मी तिचे ‘हो ताई’ ऐकत होते. तो होकार नव्हता. मोठ्या माणसापुढे गरीब माणूस जी मान खाली घालतो, ती होती.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्यावरचा माणूस आपल्या सर्वांना माहीत आहे. अडतीस वर्षे आजारी. त्याला काय हवे हे दिसतच होते. तरी प्रभूने त्याला आधी विचारले, तुला बरे व्हायची इच्छा आहे का. आंधळ्या बार्तीमयालाही विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे. आंधळ्याला दुसरे काय हवे असणार? तरी विचारले. पदविकेच्या वर्गात मी हे वचन पाठ केले होते, पण सर्वज्ञ असलेला प्रभू का विचारतो, याचा विचार केला नव्हता. आता मला वाटते, त्या माणसाला कित्येक वर्षांत कोणी काही विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्याला स्वतःच्या आत बघावे लागले. बरे होण्याची सुरुवात तिथून झाली.

उलट बाजूही आहे. श्रीमंत तरुण प्रभूकडे आला, उत्तर ऐकले आणि खिन्न होऊन निघून गेला. प्रभूची त्याच्यावर प्रीती होती असे मार्क लिहितो. तरी प्रभू त्याच्या मागे धावला नाही, अट कमी केली नाही. प्रीती होती म्हणूनच जाऊ दिले. ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसेल तर ‘हो’ला किंमत राहत नाही.

आता थोडे आपल्या भागाच्या इतिहासाकडे पाहू. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पारध्यांसारख्या जमातींना त्यात ओढले. त्या कायद्याचा अर्थ असा की या घरात जन्मलेले मूल गुन्हेगारच. त्याने काय निवडले, काय केले, हे बघायचे कारण नाही. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. देशातल्या काही वसाहती चालवायला मिशनांनीही हात दिला, मुक्तिफौजेने तर अनेक चालवल्या. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हेतू चांगला होता. पण कुंपण होतेच, आणि काही ठिकाणी हजेरी घेणारा हात ख्रिस्ती माणसाचा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तरी आजही पारध्याचे पोर दुकानासमोर उभे राहिले की दुकानदार गल्ल्याकडे बघतो. कायदा जातो, पण मनातली हजेरी चालू राहते. मी त्या बहिणीबद्दल ‘हिला कळत नाही’ असे धरून चालले होते, तीही त्यातलीच एक हजेरी.

दुसरे उदाहरण आपल्या अभिमानाचे आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्यांचे काम आपण जाणतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. लहानपणी दुष्काळातच त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण गेली होती. पण आज मला त्यांची वेगळी गोष्ट सांगायची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या संन्यासिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांची इच्छा होती की रमाबाईंनी सगळे शिकवलेले तसेच मान्य करावे. रमाबाई परक्या देशात, विधवा, पदरात लहान मुलगी, पोटाला त्यांच्याच आश्रयाने. तरी त्या प्रश्न विचारत राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे हवीत की संस्कृत, यावरही त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती आपली विवेकबुद्धी द्यायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. आणि त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत सांगितले की आपण आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनी सापडला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे आत्मपरीक्षण थांबले नव्हते.

त्यांच्या संस्थेवरही हा प्रश्न आलाच. शारदा सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार समितीतून बाहेर पडली. आपण हा वाद नेहमी आपल्या बाजूने सांगतो. पण ज्यांनी प्रश्न विचारला तेही मुलींचे वैरी नव्हते. आश्रितावर आपण दिलेल्या भाकरीचे वजन पडते का, हा प्रश्न खराच आहे. तो आपण स्वतःला विचारला नाही, तर बाहेरचा कोणीतरी विचारणारच.

मला तो एका तरुणाने विचारायला लावला. आदिवासी असल्याच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर गुंठा जमीन नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? या मुलासाठी आम्ही दीड वर्ष हेलपाटे घातले. दाखला मिळाला त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, आता आमची पण नावं मंडळीत लिहून टाका.” घरात विचारले होते का, विचारले. नव्हते. मी म्हटले, “बाळा, दाखला हा तुझा हक्क होता. त्याची फेड म्हणून येऊ नकोस. दाखला नसता मिळाला तरी यावेसे वाटले असते का, याचा विचार कर. मग ये, नाहीतर येऊ नकोस. आपले नाते तेच राहील.” तो गेला. त्यानंतर उपासनेला दोनदा आला, मग आला नाही. आमच्या समितीतले एक वडीलधारे मला म्हणाले, “दारात आलेला मासा तुम्ही सोडलात.” मला त्या रात्री झोप लागली नाही. मी बरोबर केले का? आजही रोज विचार करते. पण ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी तो येईल, त्याचा दाखला येणार नाही, एवढे मला कळते.

आता त्या बहिणीकडे परत जाते. त्या संध्याकाळनंतर मी ठरवले की आपण काही सुचवायचे नाही. फक्त दर आठवड्याला जाऊन बसायचे. एकदा तिनेच चिंचोके आणले. म्हणाली, “उचलीचा हिशेब मांडू.” एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. मागच्या वर्षीची उचल तीस. तीस चिंचोके मांडले. दिराच्या लग्नाला बारा गेले. आजारपणाला सात. घरावर पत्रे टाकले, त्याला पाच. उरलेले सहा कुठे गेले ते कोणालाच आठवेना. तेव्हा नवरा उठून बाहेर गेला. हंगामभर दोघे राबली, आठवड्याची खर्ची कापून शेवटी मालकाच्या वहीत आठ हजार अंगावर राहिलेच होते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचे ते या आठ चिंचोक्यांसाठी. ती ते आठ हातात घेऊन पुष्कळ वेळ बसली.

आत्मपरीक्षण म्हणजे डोळे मिटून बसणे असे आपल्याला वाटते. उधळ्या पुत्राने डुकरे राखता राखता आपला हिशेब मांडला, बापाच्या घरी चाकरांना काय मिळते आणि मी इथे काय खातो. हिशेब मांडला तेव्हा तो भानावर आला. चिंचोक्यांचा तो हिशेबही मला तसाच वाटला.

तीन आठवड्यांनी तिने ठरवले. या वर्षी नव्या उचलीला हात लावायचा नाही. नवरा आपल्या भावाबरोबर जाईल आणि आठ हजार फेडेल. ती वस्तीवर राहील, कांद्याच्या कामाला जाईल. धाकटा अंगणवाडीत जाईल. आणि मुलगी माझ्या वसतिगृहात नाही, गावातल्या शाळेत जाईल, घरी राहून. खरे सांगते, हे शेवटचे मला खुपले. संस्थेच्या अहवालात एक आकडा कमी झाला.

मी विचारले, आम्ही काय मदत करू? मला वाटले, पैसे मागेल. ती म्हणाली, “मालकाकडं माझ्यासंगं चला. बोलंन मीच. तुमी निस्तं बसा.”

मी गेले. मालक बरेच बोलले. जोडी ठरली होती, एकट्या गड्याचे काय काम, असे म्हणाले. १९७६ च्या कायद्याने उचलीपोटी माणूस बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, हे माझ्या ओठावर आले होते. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “बाकी नवरा फेडंल. माझं पोर तुमच्या खड्ड्यात गेलंय. दुसरं आणनार न्हाई.” मालकांनी थोडा वेळ वही चाळली आणि नवऱ्याचे एकट्याचे नाव लिहिले. कामाच्या इतक्या वर्षांत मी कधी एवढी गप्प बसले नव्हते आणि कधी एवढी उपयोगीही पडले नव्हते.

पुढे सगळे गोड झाले असे समजू नका. त्या हिवाळ्यात दोन आठवडे काम मिळाले नाही, तेव्हा शेजारणीकडून पायलीभर बाजरी उसनी आणावी लागली. नवरा रागावला होता, एक महिना त्याने पैसेच पाठवले नाहीत. मुलीचे एक वर्ष वाया गेले ते गेलेच. आज ती नववीत आहे. पुढच्या वर्षी उचल घ्यायची वेळ आली तर तिची आई काय ठरवेल, मला माहीत नाही. ठरवणारी तीच आहे.

एक सावधगिरी मात्र सांगते. ‘माणूस आपल्या निवडीला जबाबदार आहे’ हे वाक्य आपल्यासारख्या पोट भरलेल्यांच्या तोंडी फार सोपे असते. गरिबाला ‘तूच निवड’ म्हणायचे आणि समोर एकच वाट ठेवायची, ही थट्टा आहे. अंगणवाडी उघडी नसती, गावात शाळा नसती, कांद्याचे काम नसते, तर त्या बहिणीच्या विचाराचा काय उपयोग झाला असता? दुसरी वाट तयार करणे हे आपले काम. तिच्यावरून चालायचे की नाही हे त्यांचे. आपण नेहमी हे उलटे करतो.

म्हणून हितचिंतकांना माझी विनंती आहे. तुम्ही प्रेमाने देता आणि मग विचारता, यंदा वसतिगृहात किती मुले आली, मंडळीत किती कुटुंबे आली. विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण यापुढे एक प्रश्न जास्त विचारा: यंदा किती जण तुम्हाला ‘नाही’ म्हणाले? एकही नसेल, तर समजा की आम्ही पुन्हा वग लिहायला लागलो आहोत. आणि पत्रिकेत छापलेली साक्ष वाचाल तेव्हा, ती त्या माणसाला वाचून दाखवली होती का, हे आम्हाला पत्र टाकून विचारा. या वर्षीपासून आम्ही तसे करतो आहोत. दोघांनी छापायला नकार दिला, म्हणून या अंकात दोन साक्षी कमी आहेत.

आणि घरी गेल्यावर, जमल्यास, कुटुंबाच्या प्रार्थनेच्या वेळी मूठभर चिंचोके घ्या. गेल्या महिन्याचा पैसा आणि वेळ कुठे गेला ते मांडा. आपली मूल्ये कोणती हे आपण तोंडाने सांगतो ते वेगळे असते आणि चिंचोके सांगतात ते वेगळे. ‘कुठे गेले आठवत नाही’ असे जे उरतील, तिथे जरा थांबा. मी मांडले तेव्हा माझे पुष्कळ उरले होते.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, तू देण्याआधी विचारलेस; आम्हाला विचारायला शिकव. आमच्या घाईने ज्यांची मान खाली गेली त्यांची आम्हाला क्षमा मिळो. भट्टीवर गेलेल्या लेकरांना सांभाळ, आणि वाट पाहण्याचा धीर आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.